पाटणची माती : पायाखालची अमानत

कऱ्हाडहून चिपळूणकडे जाणारा रस्ता मल्हारपेठ ओलांडून पुढे निघाला की दोन्ही बाजूंचे डोंगर हळूहळू जवळ येऊ लागतात. उसाचे मळे कमी होतात, भाताची खाचरे दिसू लागतात आणि केरा नदी जिथे कोयनेला मिळते तिथे पाटण गाव लागते. सातारा जिल्ह्याचा हा तालुका महाराष्ट्राला दोन गोष्टींमुळे ठाऊक होता. एक कोयना धरण आणि दुसरी ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप. २२ जुलै २०२१ च्या रात्री त्यात तिसरी भर पडली. त्या रात्री मोरणा खोऱ्यातील आंबेघर आणि कोयनानगर परिसरातील मिरगाव व ढोकावळे या वस्त्यांवर डोंगर खाली आला. घरे माणसांसह गाडली गेली.

पाटणला येणारे पाहुणे धरण पाहतात, जंगल पाहतात, पवनचक्क्यांसमोर उभे राहून फोटो काढतात. आम्ही मात्र या वेळी माती पाहायला गेलो होतो. आम्ही म्हणजे तिघे शिक्षक आणि नववीच्या वर्गातील बावीस मुले-मुली. भूगोलाच्या पुस्तकात जमिनीची धूप हा विषय दीड-दोन पानांत संपतो. मुले कारणे पाठ करतात, चार गुण मिळवतात आणि विसरतात. म्हणून ऑगस्टमधील एका शनिवारी, पाऊस थोडा उघडल्यावर, डबे आणि रिकाम्या बाटल्या घेऊन आम्ही पाटणची वाट धरली.

दातेगडावरून दिसणारे खोरे

पाटणच्या वायव्येला दातेगड आहे. सुंदरगड असेही त्याला म्हणतात. गडावर अखंड कातळात कोरलेली तलवारीच्या आकाराची खोल विहीर आहे. मुले विहीर पाहून थक्क झाली. आम्ही त्यांना विहिरीच्या भिंतीकडे नीट पाहायला सांगितले. वरचा गवताचा आणि मातीचा थर जेमतेम हात-दीड हात, त्याखाली सगळा दगड! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर साचून हा काळा पाषाण झाला. ऊन, पाऊस, मुळे आणि जीवजंतू यांनी तो कुरतडत आणला, तेव्हा कुठे हा हातभर थर तयार झाला. एक इंच सुपीक माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. तालुक्याची सगळी भातशेती, नाचणी, वरी, भुईमूग, सगळी जनावरे आणि माणसे या पातळ थरावर जगतात.

गडाच्या कड्यावरून खाली पाहिले की डोंगरउतारावर पायऱ्या-पायऱ्या दिसतात. या पायऱ्यांना इकडे ताली म्हणतात. शेतातलेच दगड वेचून, चुना-सिमेंट न वापरता, एकावर एक रचून घातलेली भिंत म्हणजे ताल. उतारावरून येणारे पाणी तालीशी थबकते, माती तिथेच टाकते आणि दगडांच्या फटींतून हळूहळू खाली झिरपते. दरवर्षी थोडी थोडी माती साठत जाते आणि काही वर्षांत उताराची सपाट पट्टी होते. पाटणच्या डोंगरावर जी शेती आहे, ती अशी पिढ्यान्‌पिढ्या हातांनी अडवून ठेवलेली माती आहे.

गडाच्या पायथ्याशी एका शेतात एक म्हातारे शेतकरी गवत कापत होते. आम्ही सलाम-नमस्कार करून विचारले, "बाबा, ह्या ताली कुणी घातल्या?"

"माझ्या आज्यानं घातल्या, गुरुजी. माझ्या बापानं राखल्या."

"आणि ती मधली ढासळलीय ती?"

"ती चार सालामागं पडली. उचलायला हाय कोण? पोरं समदी म्हंबईला. म्या एकला दगुड उचलू का पाठ धरू?"

आमच्यातील एका मुलीने विचारले, "आजोबा, ताल पडल्यावर काय झालं?"

म्हाताऱ्यांनी विळ्याच्या टोकाने खालच्या बाजूला दाखवले. तालीच्या खिंडारातून पाण्याने एक चर पाडला होता. वर्गातील सर्वांत उंच मुलगा त्यात उतरला तर कमरेपर्यंत आत गेला. तळाला पिवळा मुरूम उघडा पडला होता.

"हितं भुईमूग व्हायचा," म्हातारे म्हणाले. "आता गवात बी धड येत न्हाय."

माती कशी जाते

पुस्तकातले शब्द मुलांना त्या एका शेतात प्रत्यक्ष दिसले. पावसाचा मोठा थेंब ताशी तीस किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीवर आदळतो. जमीन गवताने, पाल्याने किंवा पिकाने झाकलेली असली तर पानच तो मार सोसते. जमीन उघडी असली तर थेंब मातीचे कण फोडून उडवतो. मग पाणी अख्ख्या शेतावरून पातळ थराने वाहते आणि वरची साल काढून नेते. ही सालकाढी धूप. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सर्वांत फसवी. तेच पाणी बारीक रेघांत गोळा झाले की ओघळपाडी धूप होते आणि ओघळी एकत्र येऊन खोल घळ पडली की घळपाडी धूप. ओघळ नांगरटीत बुजते, घळ मात्र बुजत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की खरवडण्याची ताकद चौपट होते. तालीने अडवलेला वेग एका खिंडारातून मोकळा सुटला की चार पावसाळ्यांत पिढ्यांची कमाई कशी जाते, याचा हिशेब इथे लागतो.

पाटणच्या पश्चिम भागात, कोयनेच्या पाणलोटात, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात त्याच्या एक दशांश. पण धूप दोन्हीकडे होते. माणमध्ये जमीन उघडी असते आणि येणारी सर जोराची असते. पाटणमध्ये उतार आणि पाऊस दोन्ही अफाट. मग प्रश्न पडतो, एवढा पाऊस शतकानुशतके पडतो आहे, तर पाटणचे डोंगर आधीच बोडके का झाले नाहीत? कारण वर जंगल होते, मधल्या उतारावर ताली होत्या आणि त्या ताली राखणारी माणसे गावात होती. पाऊस ही अल्लाहची रहमत आहे. ती झेलायची ओंजळ आपण फुटू दिली, तर दोष पावसाला देता येत नाही.

माणूस गेला, मग माती गेली

पाटणची माणसे का गेली, हेही मुलांना सांगणे आम्हाला आवश्यक वाटले. मुंबईच्या बाजारांत आणि गोदामांत पाठीवर ओझी वाहणारे माथाडी कामगार मोठ्या संख्येने याच डोंगरी मुलखातून गेलेले. त्यांची संघटना उभी करणारे अण्णासाहेब पाटील हे ढेबेवाडी खोऱ्यातील मंद्रुळकोळ्याचे. माथाडी कामगारांसाठीचा कायदा १९६९ साली झाला आणि हमालांच्या कष्टाला मोल आले. ते चांगलेच झाले. एक-दोन एकर उतारावर पोट भरत नाही, म्हणून माणूस शहरात गेला, यात त्याचा गुन्हा नाही. पण ज्या पाठीने गावात तालीचे दगड उचलायचे, तीच पाठ मुंबईत पोती उचलू लागली. तालीला दरवर्षी पावसाळ्याआधी हात लावावा लागतो. दोन दगड निखळले तर त्याच आठवड्यात बसवावे लागतात. दिवाळीला आणि यात्रेला येणाऱ्या माणसाकडून ते होत नाही.

दुसरे कारण धरणाचे. कोयना धरणाने महाराष्ट्राला वीज दिली. त्या बदल्यात शिवसागर जलाशयाखाली खोऱ्याच्या तळाची, म्हणजे सर्वांत सपाट आणि सर्वांत सकस जमीन गेली. कित्येक गावे दूरच्या जिल्ह्यांत उठून गेली. काही वस्त्या डोंगरावर वर सरकल्या आणि जिथे पूर्वी फक्त गवत राखत, त्या उभ्या उतारावर नांगर चालू लागला.

तिसरे कारण आपल्या घरातले आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. वारसांत वाटणी होते तेव्हा प्रत्येकाला बरी-वाईट जमीन सारखी मिळावी, म्हणून उताराच्या दिशेने उभे पट्टे पाडले जातात. भावाभावांत न्याय होतो. पण पट्टा अरुंद आणि उभा असला की बैल असो वा ट्रॅक्टर, नांगर वरून खाली चालवावा लागतो. नांगराचा प्रत्येक तास मग पाण्याची पन्हळ बनतो. शिवाय एक ताल चार भावांच्या हद्दीत विभागली जाते. एकाने दुरुस्त केली आणि शेजारच्याने सोडून दिली, तरी पाणी शेजारच्या खिंडारातून घुसतेच. आपल्या घरांत विरासतीच्या हिश्शांबद्दल आपण जागरूक असतो, असायलाच हवे. बहिणीचा हक्क द्यावा, भावाचा द्यावा. त्याच बैठकीत एक कागद आणखी करावा : ताल सगळ्यांची, दुरुस्तीचा खर्च आणि कष्ट सगळ्यांचे, आणि नांगरट उताराला आडवीच. हिस्सा मिळाला आणि माती गेली, तर सातबाऱ्यावर नाव उरते, खाली मुरूम.

दरड आणि धूप

दुपारी आम्ही येराड, हेळवाक करीत कोयनानगरला पोहोचलो. दरड कोसळलेल्या वस्त्यांवर मुलांना नेले नाही. लोकांचे दुःख हा सहलीचा विषय होऊ नये. डोंगराच्या अंगावरचा लांब तांबडा ओरखडा दूर रस्त्यावरूनच पाहिला. मुले आपोआप गप्प झाली. एकाने हळूच दुआसाठी हात उचलले, मग सर्वांनीच उचलले.

जुलै २०२१ मधील त्या दिवसांत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. माण तालुक्यात साधारण वर्षभरात पडतो तेवढा पाऊस एका दिवस-रात्रीत! अशा वेळी उतारावरची माती आणि कुजलेला मुरूम पाण्याने तुडुंब भरतात. त्यांचे वजन वाढते. खाली अखंड कातळ असतो, तिथून पाण्याला खाली वाट नसते. माती आणि कातळ यांच्यामध्ये पाणी साचून जणू वंगण होते आणि अख्खा थर झाडा-घरांसकट सुटतो. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीणमध्ये हेच झाले. पाटणच्याच आपत्तीच्या दिवशी, २२ जुलै २०२१ रोजी, महाडजवळच्या तळियेत आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधील इरशाळवाडीतही तेच झाले.

एवढ्या पावसात दाट जंगलाचा उतारही कधी कधी सुटतो, हे खरे आहे. पण माणूस त्याला मदत करतो, हेही तितकेच खरे. रस्त्यासाठी डोंगराचा पाय कापला जातो आणि खोदलेला मुरूम खालच्या उतारावर ढकलून दिला जातो. पठारावर वाहने नेण्यासाठी वळणावळणाचे कच्चे मार्ग काढले जातात आणि त्यांच्या कडेची गटारे कोणी साफ करीत नाही. घर वाढवण्यासाठी मागची दरड तासली जाते. पाण्याची जुनी वाट बुजवून तिथे खोली बांधली जाते. दरड एका रात्रीत कोसळते आणि वर्तमानपत्रात येते. धूप रोज होते आणि कुठेच येत नाही. दोन्हींच्या मुळाशी पाण्याची वाट आणि मातीचा आधार यांच्याकडे झालेले दुर्लक्षच असते.

डोंगरउतारावर राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना ही लक्षणे जरूर सांगावीत. जमिनीला किंवा भिंतीला नव्या भेगा पडणे, दारे-खिडक्या अचानक घट्ट बसू लागणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, नेहमीच्या झऱ्याचे पाणी एकदम गढूळ होणे, बंद होणे किंवा भलत्याच जागी नवा झरा फुटणे. मुसळधार पावसात यातले काहीही दिसले तर सामानाचा विचार न करता बाहेर पडावे आणि शेजाऱ्यांनाही उठवावे.

तीन बाटल्या

वाटेत मुलांनी तीन ठिकाणचे पाणी बाटल्यांत भरून घेतले होते. पहिली बाटली हेळवाकच्या पुढे जंगलातून येणाऱ्या ओढ्याची, दुसरी उभी नांगरट केलेल्या शेताखालच्या ओघळीची, तिसरी ताज्या खोदलेल्या रस्त्याखालची. सोमवारी वर्गात पाहिले तर पहिल्या बाटलीच्या तळाशी काळपट भुकटी पसरलेली होती, एवढेच. दुसरीत अर्ध्या बोटाचा तांबूस थर बसला होता आणि तिसरीत बोटभर चिखल. फळ्यावर आम्ही काहीच लिहिले नाही. मुलांनी स्वतःच वह्यांत लिहून घेतले.

ही माती जाते कुठे? जलाशयाच्या वरच्या अंगाची माती शिवसागरात बसते आणि धरणाची जागा खाते. खालच्या अंगाची कोयनेतून कऱ्हाडला कृष्णेत जाते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर सांगलीच्या घरांतून लोकांनी पाट्या भरभरून जो चिखल उपसला, त्यात कितीतरी डोंगरांची शेते होती. उरलेली माती कर्नाटक, तेलंगणा, आंध्र प्रदेश पार करून बंगालच्या उपसागराला मिळते. पाटणच्या डोंगरापासून कोकणचा समुद्र सरळ रेषेत साठेक किलोमीटरवर आहे. पण माती हजाराहून अधिक किलोमीटर चालून परक्या किनाऱ्यावर पोहोचते आणि परत येत नाही. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, भारतातून दरवर्षी सुमारे ५३३ कोटी टन माती जागची हलते आणि त्यातील २९ टक्के कायमची समुद्रात जाते, असा अंदाज मांडला होता. वर्गातल्या एका मुलाने विचारले, "सर, मग ती विकत आणता येत नाही का?" त्याचा प्रश्न भाबडा नव्हता. नदीकाठची मळईची माती वीटभट्टीला विकली जातेच. घरात लग्न निघाले किंवा दवाखान्याचा खर्च आला की माणूस शेताचा वरचा थर देतो. पैसे येतात आणि संपतात. त्या खड्ड्यात पुन्हा पीक उभे करायला मात्र नातवंडांनाही जमत नाही.

आपल्या हातात काय आहे

आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो. उर्दूतली मिट्टी आणि मराठीतली माती या सख्ख्या बहिणी. उर्दूत नम्र माणूस स्वतःला खाकसार म्हणवतो, म्हणजे मातीसारखा. मराठीत मात्र कवडीची किंमत नसलेल्या वस्तूला मातीमोल म्हणतात. पाटणला जाऊन आल्यापासून हा शब्द वर्गात उच्चारताना जीभ अडखळते. ज्या मातीपासून हजरत आदम (अ.) यांना घडवले, पाणी नसेल तेव्हा जिच्यावर तयम्मुम करून नमाज अदा होते आणि शेवटी ज्या तीन मुठी आपल्या कबरीवर पडणार आहेत, ती स्वस्त कशी असेल? वाहत्या नदीकाठीही वुजूसाठी पाणी उधळू नये, ही शिकवण आपल्याला घरातच मिळते. पाण्याचा इसराफ चुकीचा असेल, तर मातीचा कसा चालेल?

उपाय अवघड नाहीत, चिकाटीचे आहेत. उताराला आडवी नांगरट आणि आडवी पेरणी. बांधावर वाळा, घायपात किंवा गवताची दाट ओळ. पाचट आणि काडीकचरा न जाळता जमिनीवर पसरणे, म्हणजे थेंबाचा मार तोच सोसेल. दोन पिकांच्या मध्ये कुळीथ, मटकी किंवा ताग, म्हणजे जमीन उघडी राहणार नाही. डोंगरमाथ्यावर समतल चर आणि झाडे. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला, तेव्हापासून बांधबंदिस्ती हे तिच्यातले मान्य काम आहे. तालीच्या दुरुस्तीसाठी ग्रामसभेत मागणी करता येते. याच जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने २०१६ साली श्रमदानाने पाणी आणि माती अडवून पहिला वॉटर कप जिंकला. तिथे पाऊस पाटणच्या मानाने फारच थोडा. फरक पडला तो सगळे गाव एकत्र आल्याने.

आणि मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांनी? गावाकडे वर्षातून एकदा आपण जातोच. या वर्षी ते जाणे मे महिन्यात ठेवावे. दोन दिवस भाऊ, चुलते, मुले मिळून शेतात उतरावे आणि पावसाआधी ढासळलेल्या तालीचे दगड जागेवर बसवावेत. मोठा दगड खाली, रुंद बाजू आत, फटीत चिपा. गावातला कोणीही म्हातारा हे दाखवील. शिकवणारे आहेत तोवर शिकून घ्यावे. त्यांच्यानंतर ताल कशी रचायची, हे सांगणारा पाटणच्या डोंगरात कोणी उरणार नाही आणि पाऊस तर दरवर्षी येणारच आहे.